तीन हिरव्या, एक काळी

सोमवार, ५ मे

महादेवरावांची गाडी परत! बारा दिवसांपूर्वी एसीच्या नळ्यांच्या चारही जोडांत नव्या रबरी रिंगा मी स्वतः बसवल्या होत्या. आज गॅस शून्य. वडनेर भोलजीहून ते बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला नेतात. मलकापुरात आज ४४. रुख्मिणीबाई मागच्या सीटवर, डोक्यावर ओला टॉवेल. 

जोड उघडले. तीन रिंगा हिरव्या, माझ्या. चौथी — काळी!

शेखरकाकांना विचारलं. बाबांच्या गॅरेजमध्ये अठरा वर्षं आहेत ते.

"हाव, म्याच बदलली. तुही हिरवी चिमटीत लय मऊ लागली. त्या मापाची चांगली एकच होती माह्यापाशी."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त ऐकलं असतं का तू?"

चिमटीत! मी पुण्याच्या एसी कारखान्यात दोन वर्षं काढली, आणि हे चिमटीनं रबर ओळखणार. मी त्यांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. बाबा मान खाली घालून पाना पुसत राहिले. काका हात धुऊन गेले — साबण लावून, रोजच्यासारखे.

चारही हिरव्या बसवल्या. गॅस भरला. एसीच्या जाळीतून सात अंशांची हवा. गाडी गेली.

मंगळवार, ६ मे

काका आले नाहीत. येणार नव्हतेच. बाबा: "आता बोल्ट कोण धरन? तुहं व्हर्निअर?"

गुरुवार, ८ मे

काढलेल्या रिंगा ट्रेमध्येच पडल्या होत्या. गॅसबरोबर एक रंग सोडलेला असतो. गळतं तिथे तो निळ्या टॉर्चखाली चमकतो. जोड उघडण्याआधी बघायचं असतं. मी बघितलंच नव्हतं! काळी दिसली आणि बाकी सगळं डोक्यातून गेलं.

आज टॉर्च मारला. हिरव्या तिन्ही बाहेरच्या कडेपर्यंत चमकल्या. काळी फक्त आतून. म्हणजे काळी गळतच नव्हती.

व्हर्निअरनं जाडी मापली. हिरव्या १.७८ मिलिमीटरच्या २.०९ झालेल्या — फुगून. काळी १.७८. तीनदा मापलं.

पाकिटातली कोरी हिरवी कंप्रेसरच्या तेलात बुडवून ठेवली.

शुक्रवार, ९ मे

फुगली.

पाकिटावर रबराचा प्रकार लिहिलेलाच नाही. मी रंग बघून घेतल्या. हिरवी म्हणजे एसीची — हा आमच्या कारखान्याचा नियम होता, जगाचा नव्हे! हे मला माहीत नव्हतं. मला! आणि सोमवारी त्याच पाकिटातल्या चार पुन्हा घातल्या. डायलिसिसला जाणाऱ्या गाडीत.

महादेवराव फोन उचलत नाहीत. काकांचा बंद. लागला असता तर मी काय बोलणार होते, तेही ठरलं नव्हतं.

शनिवार, १० मे

बाबांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. "मले काऊन सांगून राह्यली? त्याले सांग."

उद्या सोनाळ्याला, काकांच्या घरी. सकाळची एसटी.

रविवार, ११ मे

निघता निघता महादेवरावांचा फोन. "पोरी, गाडी एकदम थंडगार! शुक्रवारी तुमचे शेखरराव गॅस भरायचं मशीन घेऊन घरीच आले नं. अकोल्याहून रिंगा आणल्या म्हणे, चारही बदलल्या. म्हणाले, भार्गवीच्या ध्यानात आलं, तिनंच धाडलं मले."

मी "हो" म्हणाले.