सहावी ओळ

केलबी क्रीक
गुरुवार, दुपार

प्रिय टॅम,

रविवारी तू तणतणत निघून गेलीस आणि तुझा उमेदवारी अर्ज माझ्या टेबलावर, टोस्टच्या बशीखाली राहिला. राहिला की ठेवलास, ते मी विचारत नाही. बापाला तेवढं कळतं.

आधी इकडची हालहवाल. रात्री झाडावर चढून पॉसमनं पुन्हा सगळ्या लिंबांच्या साली खाल्ल्यात. लिंबं झाडाला तशीच लटकताहेत, नागडी. माझा गुडघा बरा आहे. आणि सोमवारी पेपरातून इमोजेनचा फोन आला. ती संपादक झाली तरी मला अजून ‘मिस्टर हॅडो’च म्हणते. म्हणाली, “केलबी मतदारसंघाची ओळख, चारशे शब्द, नेहमीसारखी. गुरुवारी चारपर्यंत द्याल ना?” मी सवयीनं हो म्हणून बसलो.

आठ निवडणुका मी ती चौकट लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा उत्तरेला ओढा, दक्षिणेला रेल्वेचे रूळ आणि मध्ये नुसती कोबी होती. एकाच पक्षाची हक्काची जागा. तुझी आई वाचून म्हणाली होती, “क्लाइव्ह, कोबीला मताचा अधिकार दिला असता तर जरा तरी चुरस झाली असती.” पुढे कोबी गेली, घरं आली. मीही आकडे बदलत गेलो. शहरापासून बेचाळीस किलोमीटर. सरासरी वय बत्तीस. दर दोन घरांत एक असं, जिथे घरात इंग्रजी बोलत नाहीत. दर घरामागे दोन गाड्या, कारण बस तासाला एक. सगळे आकडे बरोबर असायचे, याचा मला अभिमान होता.

त्याच घरांतून तू परिचारिका म्हणून बाळांचा वजनकाटा घेऊन हिंडत होतीस. मी लिहायचो, ‘चार वर्षांखालील मुलांचं प्रमाण लक्षणीय.’ आणि तू जेवताना सांगायचीस की वॅटल कॉलनीतली एक बाई अकरा दिवस कुठल्याही मोठ्या माणसाशी बोललेली नाही. नवरा ओढ्यावरच्या पुलावरची गाड्यांची रांग टाळायला पहाटे पाचला निघतो आणि मुलं झोपल्यावर परततो. मी मान हलवून बटाटे पुढे सरकवायचो. माझ्या चौकटीत त्या बाईसाठी रकाना नव्हता.

त्या पुलाचंही तसंच. पाच निवडणुकांत पाच उमेदवारांनी दुपदरी पुलाचं आश्वासन दिलं आणि पाचही वेळा मी ते एका ओळीत छापलं, ‘स्थानिक प्रश्न: ओढ्यावरचा पूल.’ मग तीन वर्षांपूर्वी कळा सुरू झालेली मजोकची बायको त्याच पुलावर रांगेत अडकली, ॲम्ब्युलन्स दोनशे गाड्यांमागे, आणि तू योगायोगानं चार गाड्या पुढे. मागच्या सीटवर गुडघे टेकून तू ते बाळंतपण केलंस. संध्याकाळी घरी आलीस ती बाहीला रक्त घेऊन आणि म्हणालीस, “तीन किलो दोनशे. काटा डिकीत होताच.” बातमी मीच दिली. ‘एका परिचारिकेच्या प्रसंगावधानामुळे’ असं लिहिलं. ती परिचारिका माझी मुलगी आहे हे लिहिलं नाही. तेव्हा मला तो नियम वाटला होता.

तुझ्या अर्जावर पहिली सही मजोकची आहे. रविवारी तू अर्ज पुढे केलास तेव्हा मी सवयीनं चुका शोधत वाचला आणि सहाव्या सहीवर अडकलो. रोझा अगोस्तिनो. केवढं सुंदर अक्षर! पण गेल्या वर्षी हद्दी नव्यानं आखल्या तेव्हा रेघ टॅनर रोडच्या मधोमध गेली आणि रोझाचं घर पलीकडे राहिलं. जिनं इथे साठ वर्षं कोबी पिकवली, ती आता केलबीची मतदारच नाही. सह्या सहा लागतात, त्याही इथल्याच मतदारांच्या. उरल्या पाच. तू मोठ्यानं हसलीस, नव्या कागदावर त्या पाचजणांकडून पुन्हा सह्या घेऊन तासाभरात परत आलीस आणि पेन माझ्यापुढे धरलंस.

मी म्हणालो, “मी बातमीदार आहे.”

तू म्हणालीस, “होतास, बाबा. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. आता नुसता भित्रा आहेस.” आणि दारातून वळून म्हणालीस, “रस्त्यावर कुणीही सही देईल मला. पण ही ओळ मी दुसऱ्याला देणार नाही. या भागाची नस न् नस जाणणारा माणूसच नको म्हणत असेल, तर मी कुठल्या तोंडानं दारोदार जाऊ? शुक्रवारी बाराला अर्जाची मुदत संपते, तोवर वाट बघेन. नाहीतर माझा काटा बरा आणि मी बरी.”

टॅम, मी आयुष्यात कधी कुठल्या अर्जावर सही केली नाही, कुंपणावर कुणाचा फलक लावला नाही. तुझी आई बेकरीबाहेर टेबल मांडून पुलासाठी सह्या गोळा करायची, तेव्हा मी पाव काखेत घेऊन तिच्यासमोरून जायचो. ती सगळ्यांदेखत ओरडायची, “तो बघा निःपक्ष नवरा चालला! मत कुणाला देतो ते मी मरेपर्यंत कळायचं नाही मला!” लोक हसायचे. मीही हसायचो. आणि तसंच झालं. मॉइरा गेली, तिला ते कळलं नाहीच.

आज सकाळी इमोजेनला कळवलं की मी लिहू शकत नाही. उमेदवार माझी मुलगी आहे आणि मी निःपक्ष नाही. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं, “एकतीस वर्षांत तुमच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी कळलं, मिस्टर हॅडो.” तू जिंकशील असं मी म्हणणार नाही. इथे अपक्षाला नऊ टक्क्यांच्या वर मी कधी पाहिलेलं नाही, आणि खोटे आकडे मी तुलाही देणार नाही. पण मी आठ वेळा या मतदारसंघाची ओळख लिहिली आणि मला तो ओळखता आला नाही. तू तो एकेक बाळ करून मोजलास. आता ती चौकट दुसरं कुणी लिहील आणि तिच्यात तुझं नाव येईल. मी ते कापून तुझ्या आईच्या फोटोमागे खोचणार आहे.

अर्ज या पाकिटात आहे, आज संध्याकाळी मी स्वतः तुझ्या दारात टाकून जाईन. तो टेबलावर चार दिवस पडून होता, म्हणून कोपऱ्याला जॅम लागलाय, तेवढा पुसून घे. सहावी ओळ भरली आहे. क्लाइव्ह एडविन हॅडो, मतदार यादीत आहे तसंच पूर्ण नाव. अक्षर रोझासारखं नाही, पण वाचता येतं. पत्ता नकाशावर दोनदा तपासला. आपलं घर टॅनर रोडच्या अलीकडे आहे. अर्ज देऊन आलीस की फलक घेऊन ये, मोठ्यातला मोठा. खिळे मी आणून ठेवलेत.

तुझाच, आणि आता चारचौघांत तुझाच,
बाबा