लांडग्याच्या पिक्चरला हरकत

१२ एप्रिल २००३, शनिवार
पत्राचा कच्चा मजकूर आधी इथं लिहितो, मग आंतरदेशीयावर उतरवतो.
चि. गोरक्ष, तुझी पाठ कशी आहे? कंपनीत वाकून वजन उचलू नको. सूनबाईंचा खोकला गेला का? अडुळशाचा पाला धाडू का? विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? प्राचीच्या दाताला तार लावली होती, ती निघाली का? घरमालकाच्या कुत्र्याचा पाय बरा झाला का? मी मजेत. चंद्री म्हैसही मजेत. अक्षय्य तृतीयेची यात्रा चार मेला आहे. प्राचीला सुट्टी लागली असेल. सगळे या.
पत्र झकास झालं. शेवटी 'करमत नाही' असं लिहिलं गेलं होतं, ते खोडलं. करमतं. हात वाहवला.

१५ एप्रिल, मंगळवार
चांगदेवच्या दुकानात बातमी कळली. यात्रेला तंबू टॉकीज येणार आणि त्यात लांडग्याचं पिक्चर लागणार. हे तेच. गेल्या मे महिन्यात नात प्राची आठ दिवस आली होती, आठही दिवस त्याच गोष्टीचं पुस्तक नाकाला लावून गोठ्याच्या माळ्यावर. एक पोरगी, तिला रानात लांडगा भेटतो, तो माणसासारखा बोलतो, तिला मंत्र शिकवतो. आमचे वडील मेंढरं घेऊन माळशेज कसे उतरायचे, ते मी सांगायला घेतलं तर पोरगी 'हं' म्हणाली. आठ दिवसांत सगळे मिळून पाच 'हं'.
ठराव : हे पिक्चर गावात लागू द्यायचं नाही. देवाचं नाव न घेता मंत्र, आणि जनावराच्या तोंडी माणसाची वाणी. पिक्चर नसलं की प्राचीला माझ्यासाठी वेळच वेळ. पण कारण ते नाही. कारण धर्म.

१९ एप्रिल, शनिवार
ते पुस्तक प्राची इथंच विसरली होती. माळ्यावर कडब्याखाली सापडलं. मराठीत आहे. शत्रूचं घर आतून बघावं म्हणून वाचायला घेतलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून शिकलो, तरी सकाळच्या बैठकीत अकरा पानं. तीन आक्षेप निघाले. एक, लांडगा बोलतो. दोन, पोरगी घरी न सांगता रानात जाते. तीन, पोरीला आजोबाच नाहीत. तिसरा धर्मात बसतो का ते बघावं लागेल.

२० एप्रिल, रविवार
अकरा पानं पुरेत. आता पुस्तकाला हात लावायचा नाही.

२१ एप्रिल, सोमवार
पंचावन्न पानं. लांडगा जखमी आहे. पुढचं कळल्याशिवाय हरकत नीट घेता येत नाही. चंद्रीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं रवंथ थांबवला. म्हणजे तिलाही पटलेलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
प्राचीचं पत्र. तार निघाली. कुत्रा बरा आहे. पुढं लिहिते, 'आजोबा, चांगदेवकाकांनी पप्पांना फोनवर सांगितलं, यात्रेत लांडग्याचं पिक्चर आहे. म्हणून मी नक्की येणार. आपण दोघं सगळ्यात पुढं घोंगडी टाकून बसू. आणि लांडगा बोलतो ते खोटं, असं तुम्ही मागं म्हणालात. मग आळ्याचा रेडा वेद कसा बोलला?'
मुख्य गोष्ट, नक्की येणार आहे. पिक्चरचं काय, पोरीच्या जातीला आलं की विसरायला होतं. रेड्याचं उत्तर मात्र द्यावं लागेल. रेडा ज्ञानोबांनी बोलता केला, लांडगा कुणी केला? उत्तर बिनतोड आहे. दोनदा लिहून बघितलं, दोन्ही वेळा पान संपल्यावर थोडं कमी पटलं.

२४ एप्रिल, गुरुवार
अर्ज लिहिला. सह्या गोळा करायला वाडीभर फिरलो. भागूनं अंगठा दिला, कशावर ते विचारलंच नाही. अंबाबाई म्हणाली, तात्या, बसा, चहा घ्या, लांडगा कुणाच्या मेंढरात शिरला? तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, बोलला असता तर बरं झालं असतं की, आधी सांगून तरी आला असता.
एकूण सह्या नऊ. दहा बऱ्या दिसतात म्हणून तानूबाईचं नाव घातलं. तिची हरकत असतीच.

२६ एप्रिल, शनिवार
देवळात यात्रा कमिटीची मीटिंग. गेणभाऊ अध्यक्ष. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला आणि दहाव्या नावाशी थांबले. म्हणाले, तात्या, वैनी जाऊन सहा वर्सं झाली न्हाई का? मी म्हणालो, मत बदललेलं नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.
मग चांगदेव म्हणाला, तात्या, तुमी त्या म्हशीसंगं दिवसभर बोलता, त्ये चालतं व्हय? मी म्हणालो, ती उत्तर देत नाही. (देते. पण गावाला कशाला सांगा.)
गेणभाऊ म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा शब्द हाय, राव, कशाला मोडायचा? संपतला सांगा, दुसरी पेटी आन म्हणावं. संपत म्हणजे तंबूवाला, पेटी म्हणजे पिक्चरच्या रिळांची. ठराव पास. बाहेर शाळेची पोरं उभी होती, ती माझ्याकडं बघत पांगली.
दणदणीत विजय. घरी येऊन चंद्रीला सांगितलं.

२७ एप्रिल, रविवार, एकादशी
आळ्याला जाऊन रेड्याच्या समाधीला नारळ वाढवला. विजयाचा. गर्दी नव्हती. बराच वेळ बसलो. म्हटलं, बाबा, तुला बोलता आलं, फार बरं झालं.
घरी आल्यावर प्राचीला कार्ड टाकलं : 'ठराव पास. लांडग्याचं पिक्चर रद्द. आता निवांत ये.'

३० एप्रिल, बुधवार
तयारी जोरात. घोंगडी धुवून वाळवली. पायरीचे आंबे पेंढ्यात घातले, चारला बरोबर पिकतील. माळ्यावर जाजम टाकलं, पोरीला वाचत बसायचं असलं तर टोचायला नको. वाचायचं नाही म्हणा. गोष्टी ऐकायच्या. पाच गोष्टी काढून ठेवल्यात, पहिली माळशेजची.
पुस्तक संपत आलं होतं. बर्फ पडतंय, लांडगा लंगडत घराकडं निघालाय, पोरगी मागं राहिली आहे. आणि शेवटची पानंच नाहीत. गव्हाणीत पुस्तकाच्या हिरव्या पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. चंद्रीकडं बघितलं. तिनं मान फिरवली.

३ मे, शनिवार
उद्या येतील. दुपारची एसटी. दाढी केली.

४ मे, रविवार
दुपारची गेली. संध्याकाळची गेली. मग चांगदेवचा पोऱ्या बोलवायला आला, पुण्याचा फोन आहे म्हणून. गोरक्ष म्हणाला, तात्या, कार्ड वाचल्यापासून ती रुसलीय. मैत्रिणींबरोबर इथंच थेटरात पिक्चर बघायला गेली. मला रविवार असून सुट्टी मिळाली नाही, नाहीतर मी तरी आलो असतो. मी म्हणालो, काही हरकत नाही. चांगदेव बरण्या पुसत होता, एकच बरणी पुसत राहिला.
घोंगडी धुतलीच होती, म्हणून तंबूत गेलो. सगळ्यात पुढं टाकली, दोन माणसांच्या बेतानं. संपतनं दुसरी पेटी आणली होती ती हाणामारीची. पहिल्या रिळातच चौघे मेले. त्यात धर्माविरुद्ध काही नव्हतं. गेणभाऊ मागून म्हणाले, तात्या, वाईच सरका की, जागा हाय. मी म्हणालो, कुणीतरी यायचंय.

५ मे, सोमवार, सकाळ
कच्चा मजकूर. हे आजच टाकायचं.
चि. प्राचीस, दातांना आता थंड लागतं का? आईचा खोकला, पप्पांची पाठ, आजीचे गुडघे सगळं लिही. आंबे पिकलेत, भागूच्या भाच्याबरोबर धाडतो, तो चाकणपर्यंत येतो, तिथून पप्पांनी घ्यावेत. रेड्याचं तू विचारलं होतंस. मी पुष्कळ विचार केला. उत्तर मला येत नाही.
तुझं पुस्तक मी नीट ठेवलं आहे, पण शेवटची पानं चंद्रीनं खाल्ली. तू तर पिक्चर पाहिलंस. एवढंच लिही, लांडगा घरी पोचला का? आणि ती पोरगी मागून आली का? चंद्री रोज विचारते. मी तिला सांगितलंय की पत्र येईल. तेव्हा उत्तर लवकर धाड.