पारण्याचं शहाळं

॥ जय जिनेंद्र ॥
निपाणी, २८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ब्राह्मीआक्कास, वृषभचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, तू ठेवतेस, म्हणून कागद. आईचं डायलिसिस मंगळवारी नि शुक्रवारी, बेळगावात. चार तास मशीन रक्त धुतं. तिच्या किडन्यांनी काम सोडलंय, मी कॉलेज सोडलं तसं. दिवसाला पाऊण लिटर पाणी, तेबी मापून. चूळ भरताना ती हळूच गिळते. मी दुसरीकडं बघतो.

माझी किडनी जुळली, ऑक्टोबरात ऑपरेशन. पण दीप्तीच्या वडलांनी, गोमटेशकाकांनी, एका किडनीच्या पोराला मुलगी देणार न्हाय म्हणून तोंडावर सांगितलं. मग दोन किडन्यांचा बैल बघा, असं मीबी सुनावलं. तवापासनं दीप्ती बोलत न्हाय. रोज तिच्या गल्लीतनं गाडी नेतो, खिडकी बंद. तरी किडनी देणारच.

लोभ आहेच, ओरडण्यासकट सांभाळून घ्यावा.
तुझा वृषभ

लोंढा, ४ सप्टेंबर २०२४

चि. वृषभ यास अनेक आशीर्वाद.

होणाऱ्या सासऱ्यापुढं बैल काढलास, शाबास! एका किडनीवर माणूस जन्म काढतो रं, तुझ्या डोक्याला मात्र औषध न्हाय. दीप्तीला मीच फोन केला. लई रडली. आईच्या पारण्याला ये म्हटलंय.

काळजी आईची. अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपास ती सोडणार न्हाय, नि यंदा चतुर्दशी नेमकी डायलिसिसच्या मंगळवारीच आलीय. डॉक्टरांना आधी विचार. पारण्याला गल्ली जमेल, जो तो आपल्या हातनं घोटभर पाजून पुण्य घेईल. शहाळं तेवढं तोंडाला लागू देऊ नकोस. त्यातलं पोटॅशियम तिच्या किडनीला बाहेर टाकता येत न्हाय, साठलं की हृदयच थांबतं, असं आहाराच्या बाईंनी बजावलंय. तुझा राग एकदा तरी कामाला येऊ दे.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
तुझी आक्का

निपाणी, ६ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास, सा. न.

आईचे दिवस करून लोंढ्याला परत निघताना तू विचारलंस, त्या सकाळी मी कुठं होतो. दारातच होतो, आक्का.

डायलिसिस चुकवू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईनं ऐकलं न्हाय. बुधवारी पारणं झालं की बेळगावला निघायचं ठरलं. शेजारचा यल्लाप्पा शहाळी घेऊन आला, त्याला खेकसून परत धाडला. गल्लीतल्या नागुबाईच्या हातनं शहाळ्याच्या पाण्याचा तांब्या हिसकला. सगळे माझ्याकडं बघाय लागले.

मग दीप्ती आली, मागनं काका. तिच्या हातात चांदीचा पेला, शहाळ्याच्या पाण्यानं भरलेला. महिन्याभरानं ती माझ्याकडं बघून हसली. आईनंबी माझ्याकडं बघितलं, विचारल्यासारखं. जन्मात एकदाच मी गप्प बसलो. आईनं पेला रिता केला. दीप्तीनं परत भरला, तोबी प्याली. किती महिन्यांनी तिला मनाजोगतं पिताना बघितलं! दोन तासांनी संकेश्वरच्या अलीकडं, गाडीत, तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली.

काल काका येऊन गेले. पोराच्या दोन्ही किडन्या आता जाग्यावर हैत, वर्ष सरल्यावर बोलणी करू म्हणाले. दीप्तीला कायबी ठाऊक न्हाय. आईचं शेवटचं पाणी आपल्या हातनं झालं, असं ती डोळे भरून सगळ्यांना सांगती. तिला खरं सांगू नकोस. तिनं फक्त पेला धरला होता.

आईचं मापाचं भांडं रोज सकाळी पाऊण लिटर भरून ठेवतो. संध्याकाळी तेवढंच असतं.

लोभ मागायला हात धजत न्हाय. उरला असला तर असू दे.
वृषभ