साहेब माझ्या तिसऱ्यांनी गेले नाहीत

३ फेब्रुवारी
मांडवीच्या बंगल्यातले अणूवाले साहेब काल खुर्चीतच गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, सकाळपासून टीव्हीवर तेच. डॉक्टर म्हणतात हार्ट. आमचे हे म्हणतात परदेशाचा हात. मला हात पटला. अणूचा माणूस हार्टने जातो काय? चार वर्षं माझ्या खानावळीतून डबा जायचा. मला कळणार नाही तर कोणाला? दारावर बोर्डच आहे, थोर शास्त्रज्ञांची पसंती.

५ फेब्रुवारी
मासळीवाली सोनूबाई भर बाजारात बोलली, हौसाने शेवटच्या डब्यात तिसऱ्या दिल्यान, त्याच बाधल्या साहेबांना. मी म्हटलं, त्या शिंपल्या विकल्यान कोणी? तर म्हणे, विकल्या तेव्हा जित्या होत्या. सोडणार नाही हिला.

८ फेब्रुवारी
दुपारी दोनच पानं उठली. तीही अंडाकरीची. ठरवलं. माणसांशी वाद बंद. रविवारी गावी जाऊन देवीला कौल लावायचा. देवी बोलली की टीव्हीवालेपण गप्प.

११ फेब्रुवारी
गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलं लावली. विचारलं, परदेशाचा हात ना? डावं पडलं. म्हणजे नाही. गर्दीत ऐकू गेलं नसेल, पुन्हा विचारलं. डावं. मग हार्ट? डावं. गुरव वैतागला, वयनी, देवी आहे ती, किती उलटतपासणी घेशील? म्हटलं, तुम्ही फुलं लावा. शेवटी मुद्द्याचं विचारलं. कशानेही गेले असोत, माझ्या तिसऱ्यांनी नाही, खरं ना? गुरवाचा हात बाजूला होतोय तोच उजवं पडलं. जिंकले!

१२ फेब्रुवारी
सोनूबाई म्हणते, देवी काय जेवायला बसली होती? साक्षीदार आण. आणते. बंगल्याचा राखणदार रामा रोज डबा न्यायचा. उद्या त्यालाच बाजारात उभा करते. साहेब बोटं चाटून खायचे, तेही कळू दे सगळ्यांना.

१३ फेब्रुवारी
रामा उभा राहिला. म्हणाला, देवी खरं बोलली. तिसऱ्या साहेबांनी खाल्ल्यानीच नाय. मांजरांनी खाल्ल्या. आजपण कुंपणावर बसलीत, ठणठणीत.
मी म्हटलं, त्या दिवशी भूक नसेल. तर म्हणे, पयल्या दिवशी एक घास घेतलानी, तेव्हापासून डबा मांजरांना. स्वतः ब्रेड खायचे. मग डबा बंद का नाही केला? मांजरांना आवडायचा म्हणून.
सोनूबाई हसत हसत टोपलीतच बसली. मासळीसकट.

१४ फेब्रुवारी
कौल मला मान्य नाही. देवीचं वय झालं. साहेब माझ्या तिसऱ्यांनीच गेले. पोटभर खाऊन, मागून घेऊन गेले. पोलिसांत द्यायचं तर द्या. बोर्ड काढणार नाही.

दुपारी १. पान एकही नाही. दारात बंगल्यावरची मांजरं येऊन बसलीत. हाकलली. परत बसली.

दीड. वाढलं शेवटी. एकानेही मान वर केली नाही.