झालं का गं सुटं?

प्रिय आई,

आज संध्याकाळी जिना चढताना एक वाक्य तोंडात तयार होतं: "झालं बाई एकदाचं सुटं." वर आले, तर दाराला कुलूप. किल्ली माझ्याच पर्समध्ये. तू श्रावणात गेलीस, आता थंडी पडली, तरी हे माझ्या लक्षात राहत नाही. कोलकात्यात, बेहाल्याच्या या इमारतीत मराठी कळणारं दुसरं कोणी नाही. ते वाक्य कोणाला सांगू? म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला पहिल्यांदा समजावलं तो रविवार आठवतो? तू परातीत भात निवत ठेवला होतास. मी म्हटलं, ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा, जाडी एका अणूएवढी. त्यावर वीज साठवायची असते, पण वाळवताना पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मधली जागा फुकट जाते. "म्हणजे भाताचा गोळा होतो म्हण की," तू म्हणालीस. "सुटं व्हायला हवं."

झालं. तेव्हापासून दार उघडलंस की चहाच्या आधी तुझा प्रश्न, "झालं का गं सुटं?" किती चिडायचे मी! एस्प्लनेडला बस बदलून घामाघूम होऊन यायचं, आणि दारातच निकाल मागायचा? एकदा तरी 'दमलीस का' विचारायचंस ना.

समोरच्या घरातल्या बंगाली काकीमांनी तर त्याचं भलतंच केलं. रोज कानावर पडून त्यांना वाटलं, तू 'शुतो' विचारतेस. बंगालीत शुतो म्हणजे दोरा. मी सुताच्या गिरणीत कामाला आहे, असं त्यांनी सगळ्या मजल्याला सांगून टाकलं. तू पोट धरून हसलीस, पण त्यांचा गैरसमज काही दूर केला नाहीस. "राहू दे. डॉक्टरेट म्हटलं तर गुडघ्याला औषध मागतील."

गंमत म्हणजे काकीमांचंही अगदीच चुकलं नव्हतं. पापुद्र्यांच्या मध्ये आम्ही नॅनोट्यूब घालतो. त्याही कार्बनच्याच, दोऱ्यासारख्या लांब, केसाहून कितीतरी बारीक नळ्या. त्यांची खोड वेगळी: एकट्या ठेवल्या की आपसात गुंतून जुडी करून बसतात. दोघांना पाण्यात नीट मिसळलं, तर नळ्या पापुद्र्यांना चिकटू देत नाहीत आणि पापुद्रे नळ्यांना गुंतू देत नाहीत. हे प्रमाण किती महिने जमत नव्हतं, तुला ठाऊकच आहे. आज जमलं. गाळून, वाळवून काळा कागद निघाला. त्याच्या टिकलीएवढ्या चकत्यांवर छोटा दिवा लावला, आणि चार्जिंगची वायर काढल्यावरही तो बराच वेळ जळत राहिला.

प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी संदेशची मिठाई आणली. मी बंगालीत बोलले, इंग्रजीत बोलले. पण आनंद झाला नाही, आई. तुला सांगितल्याशिवाय तो मला होतच नाही, हे आज कळलं.

हल्ली दिवसभर मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नाही. परवा दूध उतू गेलं तेव्हा 'अगं बाई' म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. मला इतकं सुटं करून कशी गेलीस गं?

कुलूप काढत होते तेवढ्यात समोरचं दार उघडलं. काकीमांनी मान बाहेर काढली. "की रे, शुतो होलो? तोर मा तो रोज जिग्गेश कोरतो." दोरा झाला का, तुझी आई रोज विचारायची ना, म्हणाल्या. तू गेल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. मी बंगालीतच "होयेछे, काकीमा", झालं, एवढं म्हटलं, आत आले आणि दाराला टेकून रडले. सांगून तर झालं होतं, पण ते वाक्य तसंच तोंडात राहिलं होतं.

तर आई, तुला शब्द देते. काकीमांचा दोरा मी दुरुस्त करणार नाही. पण उद्यापासून त्यांनी विचारलं की उत्तर मराठीत देईन. त्यांना काय कळायचं ते कळो. तू आत ओट्यापाशी असलीस तर ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने सांगेन, "झालं हो, सुटं झालं."

तुझी,
मनू