तोंड धुतल्यावर येणारं इंटरनेट

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला होता, पण आमच्या हॉलमध्ये सध्या इतक्या वायरी पसरल्या आहेत की साष्टांग घालायला जागाच उरलेली नाही. तेव्हा उभ्या उभ्याच करते, तो गोड मानून घ्या. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? (कुरकुरला तर त्याला बंद करा, थोडं थांबा आणि पुन्हा चालू करा. माफ करा, नोकरीची सवय. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहून लिहून मला माणसांशीही तसंच बोलायची खोड लागली आहे. परवा तुमचे बंधू पाठ धरली म्हणाले, तर मी त्यांना मागचा नळ तपासायला सांगितलं.)

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात की आईंना आता कायमचंच तुमच्याकडे पाठवा. आम्ही दोघं कामावर, त्या दिवसभर एकट्या, हाताला काही उद्योग नाही. एका मुख्याध्यापिकेने असं नुसतं खिडकीशी बसून राहायचं म्हणजे काय, असं तुमचं म्हणणं. ते मला पटलं नाही असं नाही. त्याचं उत्तर मी पत्राच्या शेवटी लिहिणार आहे. पण त्याआधी तुम्हाला माझ्या लॅपटॉपची हकीकत ऐकावी लागेल, कारण त्याशिवाय ते उत्तर कळायचं नाही. (इंटरनेटची हकीकत ही बाई पोस्टाने कळवते आहे म्हणून हसू नका. पुढे वाचलंत की हसायला भरपूर जागा आहे.)

आई एकट्या पडतात हे मलाही दिसत होतंच. म्हणून मी साहेबांच्या मागे लागून दुपारनंतर घरून काम करायची परवानगी मिळवली. परवानगी कसली, साहेबांनी नाक खाजवत "बघू जमतंय का" एवढंच म्हटलं. पण आमच्या साहेबांच्या मानाने तो आशीर्वादच. कंपनीने लॅपटॉप दिला. सकाळी मी तो घेऊन ऑफिसात जायचं, जेवायच्या सुट्टीत तो घेऊन घरी यायचं आणि उरलेल्या तक्रारी इथे बसून निस्तरायच्या. ऑफिसात लॅपटॉप अगदी गुणी बाळ. घरी आला की कोपऱ्यात ती वायफायची कमान पूर्ण भरलेली दाखवायचा, जोडलं गेलं आहे असंही म्हणायचा आणि एक पान उघडेल तर शपथ. नव्या सुनेने मान डोलवून सगळ्याला हो म्हणावं आणि जागचं हलू नये, तसा प्रकार. मी बंद केला, थोडं थांबले, पुन्हा चालू केला. ताई, इतकी वर्षं मी लोकांना हे लिहून पाठवते आहे. त्या लोकांना ते वाचून काय वाटत असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग संध्याकाळी कामावरून आल्यावर तुमचे बंधू मैदानात उतरले. त्यांचा उंचीवर फार विश्वास. राउटर जितका उंच तितकं इंटरनेट जोरात, पाण्याच्या टाकीसारखं, असं त्यांनी मला समजावून दिलं. त्यांनी तो आधी पुस्तकांच्या फळीवर ठेवला, मग फ्रिजवर, मग स्टुलावर चढून कपाटाच्या डोक्यावर, आणि तिथे पोचायला वायर अपुरी पडली म्हणून लांब वायर आणली (हॉलमध्ये साष्टांगाला जागा का नाही ते आता कळलं असेल). तरी काही होईना. मी वैतागून बसले होते. तेव्हा आई खिडकीजवळून उठल्या आणि म्हणाल्या, "तू आधी तोंड धुऊन ये बघू. आणि येताना चहा टाक." मी तोंड धुतलं, चहा टाकला, कप घेऊन बाहेर आले तर इंटरनेट सुरू. तुमचे बंधू कपाटाकडे असे बघत होते की मला त्यांची दृष्ट काढावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॅपटॉप ठप्प. तिथे आमच्याकडे यंत्रं बघणारा एक माणूस आहे, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लॅपटॉपला कान लावल्यासारखी मान तिरकी करून बसतो आणि रोग्याला काय झालंय ते नातेवाइकांना कधीच सांगत नाही. तो लॅपटॉप आतल्या खोलीत घेऊन गेला, बाहेर आणला, "झालं" म्हणाला. दुपारी घरी आले, पुन्हा ठप्प. बंधूंना कामावर फोन केला तर राउटर अजून वर न्यायला हवा म्हणाले. अजून वर म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात. आई म्हणाल्या, तोंड धुऊन ये, चहा टाक. आले तर सुरू.

हे असं रोज चाललं. सकाळी डॉक्टर, दुपारी तोंड. आता मी काही अडाणी नाही, पण माणूस रोज एकच गोष्ट बघतो तेव्हा त्याची मती गुंग होते. माझी पक्की खात्री पटली की आमच्या घरातलं इंटरनेट तोंड धुतल्यावर येतं. मी बाथरूममधून बाहेर येताना लॅपटॉपकडे न बघता स्वयंपाकघरात जायचे, कारण मध्येच बघितलं तर येणार नाही असं वाटायचं. एकदा तर ऑफिसात डॉक्टर रजेवर होता म्हणून मी तिथेही तोंड धुऊन आले. दोनदा. साहेबांनी मला बरं वाटत नाही का असं विचारलं.

आणि मग तो दिवस उजाडला. साहेबांना दुपारी पडद्यावर सगळ्यांची बैठक घ्यायची होती. मला आदल्या दिवशीच बजावलं होतं की उद्या बघतो तुमचं घरचं काम कसं चालतं ते. मी घरी आले तर आई चष्म्याच्या दुकानात गेलेल्या. लॅपटॉप ठप्प. मी तोंड धुतलं, चहा टाकला. काही नाही. साबण लावून धुतलं. काही नाही. दुसरा चहा टाकला. शेवटी फोन करून साहेबांना सांगितलं की घरी इंटरनेट येत नाहीये, तर ते फार शांतपणे म्हणाले की मग उद्यापासून पूर्ण दिवस इकडेच बसा. नोकरी जाणार नव्हती हो, पण आई पुन्हा दिवसभर एकट्या, आणि तुम्ही तिकडे पांघरूण-उशी तयार ठेवून बसलेल्या. मी ओल्या तोंडाने, दोन थंड चहांच्या मध्ये तशीच बसून राहिले.

आई आल्या. नवा चष्मा डोळ्यावर होता. मला बघून त्या जागीच थबकल्या, सगळं ऐकून घेतलं आणि शाळेतली काच कोणी फोडली हे विचारताना लागायचा तसा सूर लावून म्हणाल्या, "पुन्हा कोणी लावली ती टिक?"

तर ताई, खरा प्रकार असा. अगदी पहिल्या दिवशी, मी तोंड धूत असताना आणि तुमचे बंधू स्टुलावर पाठमोरे असताना आईंनी लॅपटॉप खिडकीशी नेऊन हळू आवाजात इंटरनेट कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला होता. पलीकडची मुलगी भराभरा बोलायला लागली तेव्हा आईंनी तिला थांबवून आधी श्वास घ्यायला लावला. मग ती मुलगी सांगत गेली आणि आई दाबत गेल्या. लॅपटॉपच्या पोटात 'प्रॉक्सी' नावाच्या चौकटीत एक टिक होती, ती त्यांनी काढली. (प्रॉक्सी हा शब्द ऐकूनच त्या खवळल्या होत्या. वर्गात दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्यांना त्यांनी आयुष्यात कधी माफ केलेलं नाही.) टिक काढली, इंटरनेट आलं. पण तेवढ्यात तुमचे बंधू स्टुलावरून इतक्या आनंदाने खाली उतरले की त्यांचा विरस करणं आईंच्या जिवावर आलं. म्हणून त्या मूग गिळून बसल्या आणि रोज मला तोंड धुवायला पाठवून गुपचूप टिक काढत राहिल्या. मला आणि तुमच्या बंधूंना ताकास तूर लागू दिली नाही. आणि त्या दिवशी आपण नेमक्या चष्म्याच्या दुकानात होतो, हे त्यांना फार लागलं.

त्यांनी माझ्याकडून डॉक्टरचा नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर टाकला. आधी दोघं एकमेकांवर गुरगुरले. "रोज कोणीतरी माझी टिक काढतं," असं डॉक्टर म्हणाला. "रोज कोणीतरी माझी काढलेली टिक लावतं," असं आई म्हणाल्या. हा माणूस ऑफिसात कोणाशी अर्धं वाक्य बोलत नाही, पण आईंनी "नीट, पहिल्यापासून सांग" म्हटल्यावर तो "हो बाई" म्हणाला आणि खरोखर पहिल्यापासून सांगायला लागला. ऑफिसात बाहेर पडायला एकच दार आहे आणि दारात राखणदार आहे. ती टिक लॅपटॉपला सांगते की जायचं तर त्याच दाराने जा. घरी तसं दार नाही, राखणदार नाही, पण टिक असली की तो बिचारा तेच दार शोधत घरभर फिरतो. म्हणजे ऑफिसात टिक हवी, घरी नको. दोघंही बरोबर होते, आणि रोज मन लावून एकमेकांचं काम मोडत होते. आईंनी टिक काढली. लॅपटॉप सुरू झाला. बैठक अजून संपली नव्हती. मी आत शिरले तेव्हा साहेब कुठल्यातरी गळक्या पाइपाबद्दल बोलत होते, आणि त्या पाइपाची सगळी तक्रार माझ्या तोंडपाठ होती. साहेबांनी नाक खाजवलं आणि पुन्हा "बघू" म्हणाले. मी हरखून गेले.

आता सगळी घडी बसली आहे. सकाळी डॉक्टर टिक लावतो आणि बाईंना नमस्कार सांगा म्हणतो. दुपारी मी आले की आई खुर्ची ओढून बसतात, चष्मा नाकावर आणतात आणि मला अजूनही तोंड धुवायलाच पाठवतात, कारण कोणी मागे उभं राहिलं की त्यांना चालत नाही. मग मी चहा आणते, आम्ही दोघी पितो, आणि त्या मला त्यांच्या शाळेतल्या गोष्टी सांगतात. शेजारीण परवा तिचा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आली होती. आईंनी त्याला अशी काही उलटतपासणी लावली की शेवटी शेजारणीनेच कबूल केलं की त्यावर पाणी सांडलं होतं. ताई, तुमची आई म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला मी काय सांगावं. पण मला सांगावंसं वाटतं. कशालाही घाबरायचं नाही, समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि जमलं तरी मिरवायचं नाही. माझ्या उभ्या जन्मात मला असं जमायचं नाही. लग्नात मला वाटलं होतं सासू मिळाली. मला काय मिळालं ते आता हळूहळू कळतंय.

तुमच्याकडच्या सगळ्यांना आठवण सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. : उत्तर राहिलंच. आईंना कायमचं पाठवणं जमणार नाही. त्या गेल्या तर टिक कोण काढणार? टिक निघाली नाही तर घरचं काम बंद, घरचं काम बंद झालं की साहेब नाक खाजवणार नाहीत, सरळ नाही म्हणतील. तुम्ही समजूतदार आहात. हा निव्वळ यंत्राचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. सुट्टीत चार दिवस हव्या तर खुशाल न्या, पण तेव्हा मलाही सुट्टी असेल असं बघा.

ता. क. २ : खोटं लिहून झोप येणार नाही म्हणून लिहिते. डॉक्टरने मला केव्हाच सांगितलं होतं की तो एक छोटीशी सोय बसवून देईल. मग घर कोणतं, ऑफिस कोणतं हे लॅपटॉपचं लॅपटॉपलाच कळेल आणि टिक लावायला-काढायला कोणीच लागणार नाही. मी नको म्हटलं. आईंना हे बिलकूल कळू देऊ नका. आपलं इथे काम उरलं नाही असं त्यांना वाटलं तर त्या त्याच दिवशी पिशवी भरतील. मला त्या हव्या आहेत, ताई. इंटरनेट असो नाहीतर नसो.

ता. क. ३ (हे अक्षर ओळखलंस ना?) : हिने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. उघडं दिसलं की मी वाचते; तुझी प्रगतिपुस्तकंही तशीच वाचायची. चुका होत्या त्या लाल पेनाने सुधारल्या आहेत. ती सोय डॉक्टर मला त्या पहिल्याच फोनवर बसवून देत होता, ही ते थंड चहा आत ओतून द्यायला गेली होती तेव्हा. मी त्याला म्हटलं, खबरदार बसवलीस तर. मुलगी दुपारी दमून येते, तिला तेवढीच तोंड धुऊन घडीभर टेकायला सबब मिळते. सोय झाली की आल्या आल्या कामाला बसेल. तुझी काळजी मला समजते गं, पण माझी उशी तू आता आवरून ठेव. आणि यातलं अक्षरही हिला सांगू नकोस. डॉक्टर बोलका नाही म्हणून आमचं दोघींचं चाललंय.

तुझी आई