कर्स्टीचे दोन गुरुजी

१२ सप्टेंबर
स्कॉटलंडची मुलगी आली. नाव कर्स्टी, वय वीस. नऊ महिने आमच्या घरी राहून रबातमध्ये फ्रेंच, अरबी आणि इथलं राजकारण शिकणार. आमची लेक सुआद लग्न होऊन कासाब्लांकाला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. कर्स्टीचं नशीब थोर. चौतीस वर्षं जमीन-नोंदणी कचेरीत फ्रेंच कागदांचं अरबी केलेला माणूस घरबसल्या मिळाला. टाइमटेबल केलं : नाश्त्याला फ्रेंच, जेवताना शुद्ध किताबी अरबी, चार वाजता राजकारण. रहमाला बजावलं, तुझी चुलीपुढची बोली तिच्या कानावर पडता कामा नये. ती म्हणाली, मग नऊ महिने मी काय खुणा करू? बायकोला शिक्षणातलं काय कळणार.

१४ सप्टेंबर
पहिलं व्याख्यान. मोरोक्कोवरचा फ्रेंच अंमल, १९१२ ते १९५६. मुलीने १९२५ पर्यंत नोट्स घेतल्या. पुढचं डोळे मिटून ऐकलं. एकाग्रता चांगली आहे.

३ ऑक्टोबर
प्रात्यक्षिक. ‘हे सद्गृहस्था, मजला कोथिंबिरीची एक जुडी द्यावी’ हे वाक्य पाठ करून घेऊन तिला बाजारात धाडलं. भाजीवाल्या हम्मूने शेजारचे चार दुकानदार गोळा केले आणि तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. म्हणे, टीव्हीवरच्या बातम्या लागल्यात. जुडी मात्र फुकट दिली. शुद्ध भाषेला अजून मान आहे.

२१ नोव्हेंबर
चार वाजता मुलगी बैठकीत नसते, रहमाजवळ असते. आज पाचव्यांदा. रागावणार होतो. मग विचार केला, स्वयंपाक ही संस्कृतीच, आणि संस्कृती अभ्यासक्रमात आहे. अर्ध्या तासाची सूट दिली. सहाला बाहेर आली. रहमाला तिचं नाव उच्चारता येत नाही, म्हणून ‘कल्तूम’ म्हणते. मुलगी ओ देते.

६ डिसेंबर, शुक्रवार
कुसकुस खाताना मी स्वातंत्र्यलढ्यावर आलो, तोच कर्स्टी ठेट बोलीत, थेट रहमाच्या सुरात मला म्हणाली, अहो सी बूश्ता, आधी जेवून घ्या, फ्रेंच केव्हाच गेलेत. रहमाला ठसका लागला. मीही हसलो, थोड्या वेळाने. उद्यापासून कडक शिस्त.

१७ जानेवारी
गुडघा दुखतो. शिस्त सोमवारपासून.
कर्स्टीचा फ्रेंच निबंध मी तपासून दिला होता. तिच्या मास्तरीणबाईंनी माझ्या सगळ्या दुरुस्त्यांवर लाल रेघा मारल्या. आजकालचं फ्रेंच, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
पाणी प्यायला आत गेलो. ओट्याशी दोघी डोकं जोडून बसलेल्या. मला पाहून रहमाने एक कागद रव्याच्या परातीखाली सरकवला. तिच्या बोटांना पेन्सिलीची काजळी. बहुधा सामानाची यादी. म्हणजे मुलगी सांगत असेल आणि... पण रहमाला तर अक्षर येत नाही. असो. पाणी प्यायलो.

९ मार्च
इथेच नदीपलीकडे राहणाऱ्या सुआदच्या सासूला ट्रामने भेटायला गेलो. रहमा खिडकीतून बघत एकेका स्टेशनाचं नाव पुटपुटत होती. डब्यात घोषणा होते, ती ऐकून म्हणत असणार. दोनदा घोषणेच्या आधीच म्हणाली. पाठ झाली असतील.

२ एप्रिल
व्याख्यानं बंद आहेत. मीच बंद केली. मुलीवर फार ताण नको. बैठकीत एकट्याने चहा घेतला. आतून हसण्याचा आवाज येत होता.

१९ मे
कर्स्टीचं शेवटचं सादरीकरण. विषय : घरात शिकलेली भाषा. मी सूट घातला, आभाराचं छोटं भाषण खिशात ठेवलं. रहमाही निघाली. म्हटलं, कंटाळशील. तरी आली.
मुलगी अर्धा तास अरबीत बोलली, किताबी आणि बोली मिसळून. प्राध्यापक माना डोलावत होते. मग रहमाच्या नावाला मानाचं ‘लल्ला’ लावून म्हणाली, माझ्या गुरू लल्ला रहमा. त्यांनी मला बोलायला शिकवलं, मी त्यांना अक्षरं. आणि रहमा उठून पुढे गेली. हातात कागद. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने वाचलं :
‘माझं नाव रहमा. वडिलांनी भावाला शाळेत घातलं. मी त्याची भाकरी घेऊन जायची. सुटेपर्यंत दाराबाहेर उभी राहायची. हे मी स्वतः लिहिलं आहे.’
लोक उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या. उठायला मला उशीर झाला. गुडघा.

२० मे, सकाळ
रहमाला म्हटलं, परक्या पोरीकडून शिकलीस, मला विचारायचं होतंस. मी शिकवलं नसतं का?
ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, “विचारलं होतं की. सुआदच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही म्हणालात, बघू.”
मला आठवत नाही. असं मी म्हणणारच नाही.

२० मे, दुपार
कपाटातून रोजनिशीच्या जुन्या वह्या काढल्या. छत्तीस वर्षांपूर्वीची सापडली, बारशाच्या दुसऱ्या दिवसाची तारीखही सापडली. मजकूर असा :
‘रजा संपली. कचेरीत फायलींचा ढीग. साहेबांनी माझ्या अरबीचं कौतुक केलं. घरी विशेष काही नाही.’